रोटरीचा आवाज, जळलेला सायलेन्सर आणि ४३ सेंमीची नळी

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळचा सांगलीचा, आता ओहायोत. गॅरेजमध्ये सहा वर्षं दोन सीटचं विमान बांधतोय, इंजिन माझदा आरएक्स-७ गाडीचं १३बी, म्हणजे दोन रोटरचं रोटरी (वॅन्केल), गिअरबॉक्स २.१७ चा (इंजिनाच्या २.१७ फेऱ्यांना प्रोपेलरची एक), प्रोपेलर ७२ इंची. परवा जमिनीवर ६००० आरपीएमला नेलं तर अख्खी गल्ली बाहेर आली! गाडीचा ग्लासपॅक, म्हणजे काचेची लोकर भरलेला सायलेन्सर लावला तर दहा तासांत आतली लोकर उडून गेली. मग कोणीतरी म्हणालं बाजूला एक बंद नळी जोड, हिशोब करून ४३ सेंमीची जोडली, काडीचा फरक नाही. बायको म्हणते विकून टाक. काय करू?

उत्तर: विकू नका हो, एवढ्यात नको. आधी हा आवाज येतो कुठून ते बघा. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो, तुमच्या १३बीत व्हॉल्व्हच नाही, तिकोनी रोटरचं टोक पोर्टवरून, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकावरून सरकलं की दार झटकन उघडतं आणि आतला दाब फाडकन बाहेर, शिवाय रोटरीत जळणं उशिरापर्यंत चालतं म्हणून थोडं पेट्रोल धुराच्या पाइपातच जळत असतं. तिथे ९०० डिग्रीच्या आसपास तापमान असतं, काचेची लोकर काय टिकणार त्यात. पुंगळी काढलेली बुलेट याच्यापुढे गरीब वाटेल.

नळीची आयडिया चांगलीये, आवाजाच्या पाव लहरीएवढी लांब असली की बंद टोकावरून परतणारी लहर मूळ आवाजाला उलटी पडून त्याला मारते, हिशोब फक्त थंड हवेचा झालाय. ६००० आरपीएमला दोन रोटरचे मिळून सेकंदाला २०० ठोके, त्याची पाव लहर साध्या हवेत ४३ सेंमी, बरोबर. पण ९०० डिग्रीला आवाज जवळजवळ दुप्पट वेगाने धावतो, म्हणजे लांबी साधारण ८५ सेंमी. बंद नळीतला गॅस मेन पाइपापेक्षा थंड असतो म्हणून खरी लांबी मधेच कुठेतरी येईल, तेव्हा ८५ ची करा, टोकाला सरकतं बूच ठेवा आणि आत ढकलत ढकलत कानाने शोधा. आणि हो, नळी दोन्ही पाइप एकत्र आल्यानंतरच जोडायची, एकाच रोटरच्या पाइपावर ठोके १०० च असतात, तिथे ती काही कामाची नाही. गाडीत हा प्रकार फारसा चालत नाही कारण आरपीएम सारखा बदलतो, विमान मात्र तासन्‌तास एकाच आरपीएमला उडतं, तो फायदा घ्या ना.

मेन सायलेन्सरला लोकर नकोच. मधून सरळ भोकांची नळी, भोवती मोठा रिकामा डबा, उष्णता सोसणाऱ्या ३२१ स्टेनलेसमध्ये, खिशाला परवडलं तर इनकोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूत. डबा जेवढा मोठा तेवढं बरं, काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) जागा नसेल तर पोटाखाली घ्या. आत आडवे पडदे अजिबात टाकू नका, एखादा तुटून तोंडाशी अडकला आणि ते नेमकं टेकऑफला झालं तर ताकद जाते, तेव्हा आवाजाची काळजी कोणाला राहील! डबा विमानाच्या सांगाड्याला टांगणार असाल तर मधे बॉल जॉइंट, म्हणजे हलू शकणारा सांधा हवाच, इंजिन हलतं, सांगाडा नाही, मग वेल्ड तडकतो. केबिनचा हीटर त्याच पाइपावरून घेतला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा.

टर्बोने आवाज बराच उतरतो, धुराच्या झोताने फिरणारं त्याचं टर्बाइन ते ठोके खाऊन टाकतं, पण वजन वाढतं, उष्णता वाढते आणि ऑइलच्या नळ्या आल्या. फक्त आवाजासाठी मी तरी लावणार नाही.

आणि एवढं करूनही आवाज राहिला तर प्रोपेलरकडे बघा. २.१७ च्या गिअरबॉक्सवर तो २७६५ ने फिरतो, पात्याचं टोक सेकंदाला २६० मीटरच्या वर जातं, त्या गुरगुरीला कुठलाच सायलेन्सर नाही. २.८५ चा गिअरबॉक्स आणि त्याला साजेसा मोठा प्रोपेलर, खर्चिक आहे, वहिनींना सांगताना जरा जपून.

प्रश्न: रोटरी म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या विमानांत असायचं तेच ना?

उत्तर: नाही. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला आणि सगळे सिलिंडर प्रोपेलरसकट गरागरा फिरायचे. वरचं बोलणं वॅन्केलचं, त्यात तिकोनी रोटर फिरतो, नावच काय ते सारखं.