खलनायकाची कड घेणारा मुलगा

अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचणारे आपले मूल नेहमी दुष्ट पात्रांचीच कड घेते, त्याच्या मनात काही वावगे तर नाही ना, अशी शंका अनेक पालक बोलून दाखवतात. सतरा वर्षांच्या एका मुलाची आई हीच काळजी घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’ या कादंबरीतल्या, जादुई अंगठीच्या हव्यासाने बिघडलेल्या गॉलमवर अन्याय झाला, असे म्हणत तो वडिलांशी तासन्‌तास हुज्जत घालत असे.

पहिल्या दोन भेटींत तो पुस्तकांखेरीज कशावरही बोलला नाही आणि मीही त्याला विषय बदलायला लावले नाही. टोलकीन यांच्या या कादंबरीच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टू टॉवर्स’ या दुसऱ्या खंडामधला एक प्रसंग त्याने मला तीनदा सांगितला. ती अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम पायऱ्यांवर झोपलेले असताना त्यांचा वाटाड्या झालेला गॉलम परत येतो, क्षणभर त्याच्या डोळ्यांतला कावेबाजपणा मावळतो आणि तो थरथरत्या हाताने फ्रोडोच्या गुडघ्याला अलगद स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन त्याला टाकून बोलतो आणि तो क्षण हातचा जातो. “सॅम दोन मिनिटं उशिरा उठला असता तर?” हे विचारताना तो माझ्याकडे न पाहता बाहीचा धागा उसवत होता.

तिसऱ्या भेटीत उलगडा झाला. जिवलग मित्राने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट त्याने चार जणांना हसवण्यासाठी वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती आणि त्या मित्राने वर्गात येणेच सोडले होते. हे सांगून झाल्यावर तो फ्रोडोबरोबर निघालेल्या एका योद्ध्याबद्दल म्हणाला, “बॉरोमिरचं बरं झालं. अंगठी हिसकावायला गेला, पण मेरी आणि पिपिनला वाचवताना मेला. मग कुणी त्याला काही विचारलं नाही.”

येथे मी पुस्तक बाजूला ठेवले आणि मरून जावे असे त्याला वाटते का, हे सरळ विचारले. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना उलट हायसे वाटते. कधीकधी तसे वाटते, पण काही ठरवलेले नाही, असे तो म्हणाला. त्याला सांगूनच मी आईला विश्वासात घेतले, मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि रात्री अस्वस्थ वाटले तर कुणाला उठवायचे, हे तिघांनी मिळून ठरवले.

पश्चात्ताप झालेल्या पात्राला लगेच मारून टाकणे ही मला लेखकांची सोय वाटते, कारण त्यामुळे दुसऱ्या दिवशी ज्यांना दुखावले त्यांच्यासमोर उभे राहण्याचा अवघड प्रसंग लिहावाच लागत नाही. म्हणून मी त्याला सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या, ‘नार्निया’ या अद्भुतकथांच्या मालिकेतल्या पहिल्या पुस्तकातला एडमंड पुन्हा वाचायला सांगितला. भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायला निघालेला हा मुलगा सुटून येतो, तेव्हा चेटकिणीविरुद्ध उभा असलेला अस्लान हा सिंह त्याच्याशी एकांतात बोलतो. काय बोलतो, हे लेखक वाचकाला सांगत नाही. त्यानंतर एडमंड प्रत्येक भावंडाची क्षमा मागतो. पुढे लढाईत इतर जण थेट चेटकिणीवर चालून जात असताना तिची कांडी मोडायला हवी, हे त्यालाच सुचते. तो जबर जखमी होतो, पण वाचतो आणि पुढे राज्य करतो.

“म्हणजे त्याला त्यांच्यातच राहावं लागलं,” मुलगा म्हणाला. ‘मी वाईट कृत्य केले’ आणि ‘मी वाईटच आहे’ या दोन वाक्यांमधला फरक मी याआधी त्याला दोनदा समजावला होता. पहिल्यातून माणूस नुकसान भरून काढायला धजावतो, तर दुसऱ्यातून तो तोंड लपवतो किंवा चिडतो. त्या दिवशी मात्र ते त्याला पटले असावे.

मित्राला लिहिलेल्या चिठ्ठीचा पहिला मसुदा दीड पानांचा होता आणि त्यात ‘पण’ हा शब्द सात वेळा आला होता. तिसऱ्या मसुद्यात चार वाक्ये उरली: काय केले, ते चूक होते, ग्रुपवर ते कबूल केले आहे, उत्तर द्यायलाच हवे असे नाही. शेवटचे वाक्य लिहायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण क्षमा करायची की नाही हे मित्राने ठरवायचे, हे त्यात मान्य करावे लागत होते.

चिठ्ठी पोहोचल्याला पाच आठवडे झाले आहेत. उत्तर आलेले नाही. मागच्या भेटीत त्याने गॉलमचे नाव काढले नाही. मित्राचे बुडालेले धडे आपल्या वह्यांवरून उतरवून त्याच्या घरी ठेवून यावेत का, की तेही त्याला नकोसे वाटेल, एवढेच त्याने विचारले.