मोठ्या घराचा शेजार

अमोल, तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. चाकणला ऑटो पार्ट्समध्ये नऊ वर्षं झालीत, बायको नर्स आहे, कॅनडाच्या पीआरची, म्हणजे कायमच्या वास्तव्याची फाइल लावायची, विंडसरला उतरायचं आणि चार-पाच वर्षांत नदी ओलांडून अमेरिकेतलं डेट्रॉइट गाठायचं, असा तुमचा बेत तू कळवलास. सोबत दोन प्रश्न विचारलेस: इथली माणसं आणि अमेरिकेतली माणसं एकमेकांना कसं पाहतात, आणि हल्ली दोघांचं जे बिनसलंय त्यात आपल्यासारख्यांनी कुठे उभं राहायचं. "तसे दोन्ही देश एकच ना, तुमच्याकडे फक्त थंडी जास्त," असंही लिहिलंस. या वाक्यापासूनच सुरुवात करते. इथे ते कुणासमोर बोललास तर समोरचा हसून विषय बदलेल, आणि त्याला ते लागलंय हे तुला कळणारही नाही.

विंडसर डेट्रॉइटच्या दक्षिणेला आहे. नकाशा उघडून बघ, नदी तिथे अशी वळलीय की आम्ही अमेरिकेत जायला निघतो तेव्हा उत्तरेकडे जातो. थंडी दोन्ही काठांवर सारखीच. मी २००८ पासून इथे मोल्ड बनवणाऱ्या एका शॉपमध्ये क्वालिटीचं काम करते आणि मिशिगनमधल्या, म्हणजे डेट्रॉइटच्या राज्यातल्या, कस्टमरकडे वर्षातून दहा-बारा खेपा होतात. तिथे रिसेप्शनवर एक बाई आहेत, फार प्रेमळ. दर हिवाळ्यात मला विचारतात, "वर तुमच्याकडे किती बर्फ पडला?" वर म्हणजे कॅनडात. मी त्यांना तीन-चारदा सांगितलंय की आम्ही तुमच्या खाली राहतो. त्यांना दर वेळी खरंच नवल वाटतं, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा 'वर' विचारतात. त्यांच्या मनात आमच्याबद्दल वाकडं काहीही नाही. फक्त आम्ही त्यांच्या मनात फारसे नसतोच.

आता या काठावरचं सांगते. आमच्या लंचरूममध्ये अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात कोण निवडून येईल यावर तावातावाने वाद होतात. लोक लहानपणापासून डेट्रॉइटच्या चॅनलवर बातम्या बघत आलेत, टायगर्सचं बेसबॉल आणि रेड विंग्जची आइस हॉकी घरची म्हणून पाळत आलेत. हा चार कोटींचा देश चौतीस कोटींच्या देशाला चिकटून राहतो. इथली दोनतृतीयांश माणसं सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात आणि निर्यातीतला जवळजवळ तीनचतुर्थांश माल त्या एका देशात जातो. गावात वाड्याला लागून एखादं लहान घर असतं बघ, वाड्यात आज कोण आलं, कोण रुसून गेलं, हे त्या घराला पाठ असतं. वाड्याला मात्र त्या घरात मुलं किती हेही ठाऊक नसतं. पिअर ट्रुडो पंतप्रधान असताना १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन म्हणाले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. हत्ती कितीही गुणी असो, त्याची प्रत्येक हालचाल आम्हाला जाणवते. इथे ते वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे.

म्हणूनच कॅनेडियन माणसाला 'तू कोण' असं विचारलं की उत्तराचा पहिला भाग बहुतेक वेळा 'मी अमेरिकन नाही' हा असतो. त्याची मुळं जुनी आहेत. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेली हजारो कुटुंबं उत्तरेला येऊन वसली. १८१२ च्या युद्धात अमेरिकन फौजा चाल करून आल्या, यॉर्क म्हणजे आजच्या टोरांटोतल्या सरकारी इमारती त्यांनी जाळल्या, आणि तरी हा मुलूख त्यांच्या हाती लागला नाही. माझ्या मुलीने हे शाळेत अभ्यासलंय. मिशिगनमधल्या माझ्या सहकाऱ्यांना मात्र ते युद्ध झालं एवढंच आठवतं. त्यानंतर आरोग्यसेवा. २००४ मध्ये इथल्या सरकारी वाहिनीने 'सर्वांत थोर कॅनेडियन' कोण अशी जनतेची मतं घेतली, तेव्हा पहिला आला टॉमी डग्लस, सरकारी आरोग्यविम्याचा जनक. हॉकीपटू नाही, सेनापती नाही. त्या आरोग्यविम्याचं कार्ड खिशात असणं ही इथल्या माणसांची ओळख आहे. फॅमिली डॉक्टर मिळायला वर्षं लागतात, स्पेशालिस्टसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, सगळे कुरकुरतात. पण अमेरिकन माणसाने नाव ठेवलं की तेच लोक तुटून पडतात.

इथे मला थोडं कडू बोलायचंय. कॅनेडियन लोकांत 'आम्ही त्यांच्यापेक्षा सभ्य' असा एक ताठा आहे, शांत पण पक्का. बंदुका, दवाखान्याची बिलं, राजकारणातला आरडाओरडा, यावर मान हलवत बसायचं, आणि हिवाळा लागला की फ्लोरिडाला जायचं, मुलाला चांगला पगार मिळाला की कॅलिफोर्नियाला पाठवायचं. आमच्या शेजारची नर्स रोज पहाटे नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉइटच्या हॉस्पिटलला जाते. विंडसरच्या कितीतरी नर्सेस वर्षानुवर्षं जातायत. इथे नर्सेस कमी पडतात, आणि शिकवून तयार केलेल्या पलीकडे काम करतात. तिला मी दोष देत नाही, पण सभ्यतेच्या गप्पा ऐकताना ती मला आठवते.

आणि तरी हे शेजारपण खोटं नाही, हे मी ठासून सांगते. १९१७ मध्ये हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. बातमी कळताच बॉस्टनने त्याच रात्री डॉक्टर आणि औषधं घेऊन आगगाडी सोडली, ती हिमवादळातून वाट काढत पोचली. त्याची आठवण म्हणून हॅलिफॅक्सचा प्रांत नोव्हा स्कोशिया दर नाताळला बॉस्टनला एक भलं मोठं झाड पाठवतो. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा न्यूफाउंडलंडच्या गँडर या दहा हजार वस्तीच्या गावात अडतीस विमानं उतरली. साडेसहा हजारांहून जास्त माणसं. गावाने त्यांना शाळांत, चर्चमध्ये, घराघरात ठेवून घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिस जळत होतं तेव्हा क्यूबेकची पाणी टाकणारी विमानं तिथे काम करत होती.

तो महिना मुद्दाम सांगितला, कारण त्याच दिवसांत तिकडून, ट्रम्प यांच्या तोंडून, कॅनडा म्हणजे अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' ही भाषा चालू होती. कॅनडाच्या पंतप्रधानाला 'गव्हर्नर', म्हणजे एखाद्या अमेरिकन राज्याचा प्रमुख, म्हणणं, सीमा म्हणजे नुसती आखलेली रेघ म्हणणं. तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस असं लिहिलंयस, म्हणून तुला एका शब्दात कळेल: बांध कोरणं. टॅरिफ, म्हणजे आयातकर, ही पैशाची गोष्ट झाली, त्यावर माणसं भांडतात आणि तडजोड करतात. पण शेजाऱ्याने बांधाला हात घातला की ते पिढ्यान्‌पिढ्या विसरलं जात नाही.

आमच्या शॉपमध्ये साठीचा एक टूलमेकर आहे. त्याची सख्खी बहीण मिशिगनला दिलेली. गेली तीस वर्षं दर शनिवारी तो पूल ओलांडून जायचा, तिच्याकडे जेवायचा, येताना स्वस्त पेट्रोल आणि चीज आणायचा. मार्च २०२५ पासून तो गेला नाही. बहीणच इकडे येते. मी त्याला विचारलं, तिचा यात काय दोष? तो हातातलं मायक्रोमीटर पुसत राहिला, मग म्हणाला, "तिचा नाही. पण मी पाहुणा म्हणून जायचो. मालमत्ता म्हणून नाही जाणार." घसा भरून आला होता त्याचा. असे लाखो निघाले. त्या वर्षी काही महिने गाडीने अमेरिकेत जाऊन येणाऱ्या कॅनेडियन लोकांची संख्या आदल्या वर्षापेक्षा तीस टक्क्यांहून जास्त घटली होती. आमच्या ओंटारियो प्रांताच्या सरकारी दारू दुकानांतून ४ मार्चला अमेरिकन माल काढला. कॅलिफोर्निया वाइनची रिकामी फळी आणि तिच्यावर 'कॅनेडियन घ्या' अशी पाटी मी स्वतः पाहिली. डेट्रॉइटला जाणारी आमची बोगद्यातली शहर बससुद्धा त्याच वर्षी बंद झाली.

त्या दिवसांतली घोषणा होती 'एल्बोज अप', कोपरं वर. ती आली गॉर्डी हौ या हॉकीपटूच्या खेळावरून. कोपराने आडवं पाडण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. पण हा सस्कॅचवानचा मुलगा पंचवीस सीझन खेळला तो डेट्रॉइटकडून, आणि डेट्रॉइट त्याला आपलाच मानतं. नदीवरच्या नव्या पुलाला त्याचंच नाव दिलंय, खर्च कॅनडाने केलाय. एकाच माणसाच्या नावाने पूलही आणि कोपरंही, इतकं हे नातं गुंतलेलं आहे.

कामाच्या दृष्टीने हे तुला थेट लागू पडतं. १९६५ च्या ऑटो करारापासून दोन्ही देशांचा गाड्यांचा धंदा एकाच साच्यात ओतलेला आहे; एखादा पार्ट गाडीत बसेपर्यंत पाच-सहा वेळा सीमा ओलांडतो. एप्रिल २०२५ मध्ये गाड्यांवर पंचवीस टक्के टॅरिफ लागलं आणि विंडसरचा मोठा मिनीव्हॅनचा कारखाना दोन आठवडे बंद राहिला. आमच्याकडे शिफ्ट कमी झाली. त्यामुळे फक्त अमेरिकन ऑर्डरवर जगणाऱ्या लहान सप्लायरकडे पहिली नोकरी धरू नकोस. मुलाखतीत सरळ विचार की माल कुठे कुठे जातो.

आता तुमच्या बेतातली मोठी चूक. कॅनडाचा पीआर म्हणजे डेट्रॉइटला काम करायची परवानगी नव्हे. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत तुम्हाला नुसतं मॉलमध्ये जायलाही अमेरिकेचा व्हिसा लागेल. इंजिनिअर आणि नर्सेस ज्या टीएन स्टेटसवर पलीकडे काम करतात, ते फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना मिळतं. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिल्याचं दाखवावं लागतं, वर अर्जाचा वेळ. टीएन या तीन देशांच्या ज्या व्यापार करारावर उभं आहे त्याचा फेरआढावा २०२६ साठी ठरलेला, तेव्हा ते जन्मभर टिकेल असं धरू नकोस. आणि ग्रीन कार्डची रांग पासपोर्टवर नाही, जन्मस्थानावर ठरते. कॅनेडियन झालास तरी तुम्ही दोघं भारताच्याच रांगेत उभे राहाल. पुण्यातले एजंट हे सांगत नाहीत.

आपल्या लोकांचंही सांगते. मिशिगनमध्ये एका घरी गणपतीला गेलो होतो. पुरणपोळी वाढता वाढता त्या काकू मला म्हणाल्या, "मग, तुमचं अमेरिकेचं कधी जमतंय?" लग्न जमावं तसं. माझी सोळा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकू, आम्ही आलोय ना कुठे यायचं होतं तिथे." मी तिला गप्प केलं नाही. त्या काकूंचं प्रेम खोटं नव्हतं, पण कॅनडा म्हणजे स्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहणं, ही समजूत आपल्या माणसांत फार खोलवर बसलीय. तसं मनात धरून जो येतो तो इथे घर नीट लावत नाही, मुलांना हॉकी, स्केटिंग शिकवत नाही, शेजाऱ्यांशी तात्पुरतं वागतो. आणि शेजाऱ्यांना ते कळतं, सांगत नाहीत इतकंच.

कुठे उभं राहायचं, हे विचारलंस. इथे राहणार असशील तर इथे उभा राहा. पण पलीकडच्या माणसाला त्याच्या सरकारच्या खात्यात मांडू नकोस. २०२५ च्या मार्चअखेर मी त्या मिशिगनच्या प्लांटमध्ये गेले होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी बॅज द्यायला हात पुढे केला आणि माझा हात तसाच धरून ठेवला. म्हणाल्या, "जे चाललंय त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुम्ही खाली सगळे ठीक आहात ना?" खाली म्हणाल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

बायकोबद्दल एक लिहायचं राहिलं. रजिस्टर्ड नर्ससाठी ओंटारियोत आणि मिशिगनमध्ये परीक्षा एकच आहे, एनक्लेक्स. ती दिली की ते शिक्षण दोन्ही काठांवर कामाला येतं, लायसन्स मात्र वेगवेगळं काढावं लागतं. नर्सिंग कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचे अधिकृत दाखले, निघायला सगळ्यात जास्त वेळ जातो, ते आत्ताच मागवायला सांग. तिची तयारी कुठवर आलीय ते कळव, शेजारच्या नर्सशी तिचं बोलणं करून देते.