इग्नूला प्रवेश घेतलास, आता रोजचा तास ठरव

पदवीच्या मान्यतेची धास्ती सोड. इग्नू, म्हणजे घरी राहून शिकायचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे १९८५ पासूनचं केंद्रीय विद्यापीठ आहे. काळजी वेळेची कर. इथे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे सहा क्रेडिटच्या एका विषयाला १८० तास. ते कुणी मागे लागून करून घेणार नाही. मी नोकरी सांभाळून पहाटे पाचला बसायचो, गॅसवर चहाचं आधण आणि ओट्यावरच पुस्तक उघडं. रविवारी एकदम उरकू म्हटलं की रविवार पाहुण्यांत जातो.

पुस्तकांच्या पार्सलची वाट बघू नकोस, इग्नूच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घे.

असाइनमेंट स्वतःच्या शब्दांत लिही. बाजारातली तयार उत्तरं उतरवलीस तर परीक्षेत पेन अडतं. जमा करताना पोचपावती घे आणि ती जपून ठेव. निकालात गुण दिसले नाहीत तर तोच कागद कामाला येतो.

समुपदेशन वर्गाला, म्हणजे अभ्यासकेंद्रावर विषय समजावून देतात त्या तासाला, जमेल तेव्हा नक्की जा. आमच्या वर्गाला चौघंच यायचो. त्यातली एक ताई दोन्ही लेकरं आईकडे ठेवून एसटीने यायची. तिच्या वहीवरून, तिच्या शेजारी बसून अभ्यास केला, म्हणून माझं अर्थशास्त्र सुटलं.