धमनीचा दाह आणि नागिणीचा विषाणू

प्रश्न : माझ्या ७३ वर्षांच्या आईचे एका बाजूचे कानशील ठणकत असे, केस विंचरतानाही डोके हुळहुळे आणि घास चावता चावता जबडा भरून येई. कानशिलाच्या धमनीचा तुकडा तपासल्यावर ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ (धमनीच्या भिंतीचा दाह) असे निदान झाले. दोन वर्षांपूर्वी तिला नागीण झाली होती. हा दाह त्याच विषाणूमुळे झाला असेल का? स्टिरॉइडसोबत विषाणूविरोधी औषधही द्यावे का?

उत्तर : तुमची शंका संशोधकांनाही आली होती. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो, उतारवयात नागीण होऊन उफाळतो आणि काही रुग्णांत मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूच्या धमन्यांत शिरून पक्षाघातही घडवतो. एवढे सिद्ध झालेले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या ८२ धमन्यांपैकी ६१ मध्ये त्याची प्रथिने आढळली, तर निरोगी १३ पैकी एकीतच. आकडे पाहून कोणालाही गुन्हेगार सापडला असे वाटावे. परंतु त्या प्रथिनांना चिकटून रंगाने ती दाखवणारी अँटिबॉडी कधी कधी भलत्याच प्रथिनाला चिकटते आणि काचपट्टीवर तोच रंग उमटतो. पुढे इतर अनेक प्रयोगशाळांनी विषाणूचा डीएनए शोधला, तेव्हा बहुतेकांच्या हाती काही लागले नाही. शिवाय विषाणू सापडला, तरी दाह त्यानेच पेटवला की आधीच दुखावलेल्या धमनीत तो नंतर शिरला, हे उरतेच.

याउलट पॉलिआर्टेरायटिस नोडोसा या धमन्यांच्याच आजाराच्या काही रुग्णांत हिपॅटायटिस बी विषाणूचा हात पक्का ठरला आहे, कारण त्याची लस रुळल्यावर त्या प्रकारचे रुग्ण घटले आणि विषाणूवर उपचार करणे हा तिथे इलाजाचाच भाग झाला. माझ्या मते पुरावा म्हणावा तो असा. नागिणीच्या बाबतीत तो अजून नाही.

म्हणून केवळ जुन्या नागिणीवरून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करू नयेत. स्टिरॉइड मात्र स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. उपचाराअभावी या आजारात दृष्टी अचानक आणि कायमची जाऊ शकते. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे नागीण पुन्हा होऊ शकते. तिच्या लसीविषयी डॉक्टरांना जरूर विचारा, आणि कपाळावर किंवा डोळ्याजवळ पाण्याचे फोड दिसले तर त्याच दिवशी दाखवा.