सही आमची, नकार मुलीचा

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेत मोबाइल आणि झोपेवर संशोधन चाललंय. आम्ही संमतिपत्रावर सही केली, पण ती नाहीच म्हणते. समजूत काढू का? – एक आई, सातारा

उत्तर : नको, ताई. अशाच एका प्रकल्पाची मी समन्वयक आहे, तरी सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी सहमतीही लागते. फक्त तुम्हा पालकांची सही पुरत नाही.

ती का नाही म्हणते, ते मात्र विचारा. आमच्याकडे एका मुलीला वाटलं, आम्ही तिचे मेसेज वाचणार! आम्हाला हवे होते फक्त रोजच्या वापराचे आकडे. तेही फसवे. फोन घरात एकच. रात्री अकराला दोन तास यूट्यूब दिसलं, आणि ते आजीचं कीर्तन निघालं. तेव्हापासून प्रश्नावलीत पहिला प्रश्न : फोन कुणाकुणाच्या हातात असतो?

समन्वयकाला तुम्हीही विचारा : माहितीवर नाव असतं की सांकेतिक क्रमांक? मधेच बाहेर पडता येतं का? उत्तर देताना समन्वयक चाचरली, तर मुलीचं बरोबर आहे.