ठरवलेली कामं होत नाहीत, चांगलं अ‍ॅप कोणतं?

पुण्याहून पणजीला बदली झाल्यापासून ठरवलेली निम्मी कामंही होत नाहीत, असं तुम्ही म्हणता. आणि विचारता, अ‍ॅप कोणतं घेऊ, की हा इथल्या सुशेगाद, म्हणजे निवांत, हवेचाच परिणाम? आधी हवेचं बघू. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव आणतो ना, त्या पोदेराला विचारा भट्टी किती वाजता पेटवली. दुपारी दुकानं बंद दिसली की इथले लोक आळशी, हा शोध बाहेरून आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात लागतो.

माझे धाकटे दीरही आता पुण्याचेच झालेत. मी फोंड्याला घरून चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, नेवऱ्या (करंज्या) आणि लाडवांच्या ऑर्डरी घेते. 2024 ची चवथ 7 सप्टेंबरला होती, भावजी थोडे आधीच आले आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, चौकोनाचौकोनात लिहिलेली माझी कामं बघून हसले. "वहिनी, अजून भिंतीवर?" दुपारभर बसून माझ्या मोबाईलमध्ये अ‍ॅप घातलं. गिऱ्हाइकांना रंग, कामांना रंग, प्रत्येक कामाला घंटी. इकडे कढईत नेवऱ्या, हात पिठाचे, आणि फोन वाजतोय. हात पुसून बघावं तर 'रवा भाजणे', जो सकाळीच भाजून झालेला! मध्येच कुणाचं तरी गुड मॉर्निंग. एक घाणा काळा झाला तेव्हा फोन बंद करून सासूबाईंच्या खोलीत ठेवला. मग कामं झाली.

माझी रीत साधी आहे. माल द्यायच्या दिवसापासून उलटं मोजत यायचं. सुक्या सारणाच्या नेवऱ्या टिकतात, त्या आधी. ओल्या नारळाच्या अगदी शेवटी. चौकोनात मावतील तेवढीच कामं. चौकोन भरला की ऑर्डर बंद, मग मावशी असो की मामी. मोबाईलमधली यादी कधी भरतच नाही, तिथेच माणूस फसतो. आमच्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, सगळं पावसाच्या आत. त्यांना कुठली घंटी वाजत होती?

25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती, हे पोमोदोरो तंत्र मला भावजींनीच सांगितलं. चांगलं आहे, मी वापरते. पण ते काढणाऱ्या फ्रांचेस्को चिरिल्लोनं 1980 च्या दशकाच्या अखेरीस वापरलं ते स्वयंपाकघरातलं, टोमॅटोच्या आकाराचं चावीचं घड्याळ. हे ऐकवल्यावर भावजी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान आणायला निघून गेले. यादी अर्थात फोनमध्ये. पावसात फोन भिजला, कांगण्या आणि सुपारीचा घड राहिला, ह्यांना पुन्हा बाजारात जावं लागलं.

तेव्हा अ‍ॅपचं नाव काही मी सांगत नाही. फोन दुसऱ्या खोलीत, कागद डोळ्यांसमोर. बँक आणि सरकारी कामं सकाळी, दुकानं संध्याकाळी.

हां, ऑफिसात चारपाच जण मिळून एकच काम करत असाल तर सगळ्यांना दिसणारी यादी मोबाईलवर लागतेच, तिथे माझं कॅलेंडर चालायचं नाही. आणि लहानपणापासूनच कशात लक्ष टिकत नसेल, तर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असू शकतो. पणजीजवळ बांबोळीला मनोविकार संस्था आहे, लाजू नका, दाखवून या. आमचे भावजी त्यातले नव्हेत. त्यांना फक्त भिंतीत खिळा ठोकायचा कंटाळा.