दोन्ही मशीन वायफायवर, कॉपी ४ एमबीवर अडकलीये: राउटर बदलू का?

राउटर लगेच बदलू नका. तुम्ही म्हणताय की लॅपटॉपवरचे ४० जीबी फोटो डेस्कटॉपवर टाकायचेत, दोन्ही वायफायवर आहेत, स्पीड सेकंदाला ४ एमबीच्या वर जात नाही आणि इंटरनेटचा प्लॅन तर २०० एमबीपीएसचा आहे. वायफाय स्टेटसमध्ये दोन्हीकडे १४४ दिसतंय हे सांगितलंत ते बरं केलंत, कारण जवळजवळ सगळं उत्तर त्या एका आकड्यातच आहे.

आधी तो प्लॅन डोक्यातून काढून टाका. घरातल्या घरात कॉपी करताना फाईल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच मागे फिरते, बाहेर पडतच नाही. इंटरनेट बंद असलं तरी ही कॉपी याच स्पीडने होईल, हवं तर करून बघा.

आता हिशोब. १४४ हे मेगाबिट, कॉपीच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट, म्हणून ८ ने भागा, १८ आले. पण हा कागदावरचा वेग आहे, प्रत्यक्षात प्रत्येक वेळी हवा मोकळी आहे ना ते बघायचं, पाठवायचं, पोच घ्यायची, हुकलं तर परत पाठवायचं, यात बराच वेळ जातो आणि हाती साधारण निम्मं किंवा फारतर साठ टक्के उरतं. म्हणजे १० धरू. आणि खरी मेख पुढेच आहे. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. लॅपटॉप राउटरला देतोय तोवर बाकी सगळे गप्प, मग राउटर तोच डेटा त्याच हवेतून डेस्कटॉपला देणार तोवर लॅपटॉप गप्प. एकच फाईल दोनदा हवेतून जाते, म्हणून १० चे झाले ५, त्यात आजूबाजूचे राउटर त्याच चॅनेलवर असले की ४. तुमच्याकडे काही बिघडलेलंच नाहीये, आहे त्या जोडणीत एवढंच मिळणार, आणि नवा महाग राउटर आणून दोघांना परत २.४ गिगाहर्ट्झवरच (वायफायच्या जुन्या, गर्दीच्या पट्ट्यावर) ठेवलंत तर तेव्हाही फारसा फरक पडणार नाही.

मग करायचं काय, तर डेस्कटॉपला वायर लावा. तो कुठे जात नाही, त्याला वायफायवर ठेवण्यात काही अर्थ नाही. एवढ्याने हवेतली एक फेरी वाचते आणि स्पीड साधारण दुप्पट होतो. दुसरं म्हणजे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या. १४४ हा आकडा २.४ वाल्या, दोन अँटेनांच्या, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या, वायफायच्या जुन्या 'एन' पिढीच्या जोडणीचा आहे. ५ वर 'एसी', म्हणजे त्यापुढची पिढी, मिळालं तर तिथे ८६७ दिसेल आणि राउटरच्याच खोलीत ४०-५० एमबी आरामात निघतात, भिंती मध्ये आल्या की मात्र ते झपाट्याने पडतं. २.४ ची रुंदी ४० करा असा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका, तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल मुळात तीनच, १, ६ आणि ११, तुम्ही जास्त जागा अडवलीत की भांडणंच वाढतात.

राउटरचे लॅन पोर्ट, म्हणजे वायर लावायच्या खाचा, गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) आहेत का तेही बघून घ्या. बऱ्याच स्वस्त राउटरचे अजून १०० चे असतात, मग हवेत ८६७ असो की आणखी काही, वायरवर ११-१२ एमबीला टोपण बसलेलं असतं. इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत. पोर्ट गिगाबिट, कार्ड गिगाबिट, तरी स्पीड ११ वर ठाम. शेवटी कळलं की केबल दाराखाली चेपून आतली एक तार तुटलीये. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे मशीन काही न बोलता १०० वर उतरलं होतं. इंटरनेट चालूच होतं, म्हणून केबलवर संशयच आला नाही.

हे काम एकदाच करायचं असेल आणि दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असतील तर राउटरचा विषयच सोडा, दोन्ही मशीन सरळ एका केबलने जोडा. त्यासाठी पूर्वी लागायची ती खास क्रॉस केबल वगैरे आता लागत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते ती आपापसात घेतात. दोन्हीकडचं वायफाय बंद ठेवा म्हणजे कॉपी चुकून हवेतून जाणार नाही, आणि विंडोज अशा नेटवर्कला पब्लिक समजून शेअरिंग अडवतं तेवढं बघा. डिस्क चांगल्या असतील तर ११० एमबीपर्यंत जातं, म्हणजे ४० जीबी सहा-सात मिनिटांत, आत्ता पावणेतीन तास लागतायत. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर थोडं कमी धरा.

एक विचित्र गोष्ट, अनेकांना पटत नाही. लॅपटॉपला यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क लावून त्यातून वायफायवर कॉपी करत असाल तर ती डिस्क आणि तिची वायरच २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. डिस्क लांब सरकवा किंवा ५ वर जा.

शंका राहिलीच तर दोन्हीकडे आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवा, त्यात डिस्कचा संबंध येत नाही, फक्त नेटवर्क मोजलं जातं. तिथे आकडा चांगला आणि कॉपी हळू, तर दोष डिस्कचा किंवा लहान फायलींचा. फोटोंच्या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरने बनवलेले हजारो छोटे प्रिव्ह्यू पडलेले असतात, प्रत्येक फाईल उघडा, लिहा, बंद करा यातच वेळ जातो. त्यांची कॉम्प्रेस न करता एक झिप करून पाठवा. नसेल करायची तर मध्येच स्पीड केबींमध्ये घसरलेला दिसेल, तेव्हा घाबरून केबल उपसू नका, तो छोट्या फायलींचा ढीग संपला की परत चढतो.